खर्ड्याच्या लढाईचा सेनापती कोण?

११ मार्च १७९५ रोजी खर्ड्याजवळच्या माळावर मराठ्यांची आणि निजामाची लढाई झाली. आपली तुकडी दहावीच्या परीक्षेला बसली ती मार्च १९९५ मध्ये. म्हणजे आपण इतिहासाचा पेपर लिहीत होतो तेव्हा जामखेडहून एसटीने जेमतेम पाऊण तासावर झालेल्या त्या लढाईला बरोबर दोनशे वर्षे होत होती, आणि आपल्यापैकी कोणाच्या ते ध्यानीमनीही नव्हते. यंदा आपल्या बॅचला तीस वर्षे झाली आणि चौंडीत जन्मलेल्या अहिल्याबाईंना तीनशे. स्मरणिकेसाठी 'आपल्या तालुक्याबद्दल काहीतरी लिही' असा निरोप आला तेव्हा मला हे दोन्ही आकडे एकदम आठवले. जामखेडच्या एका अंगाला खर्डा, दुसऱ्या अंगाला चौंडी. या दोन गावांना जोडणारा एक प्रश्न बरेच दिवस माझ्या डोक्यात आहे, तो इथे मांडते.

प्रश्न साधा आहे. खर्ड्याला मराठ्यांच्या फौजेचा सेनापती कोण होता? इतिहासाच्या बाईंनी हा प्रश्न एका गुणाला घातला असता तर पाच जणांनी पाच उत्तरे लिहिली असती आणि बाईंना पाचही जणांना गुण द्यावे लागले असते. मोहीम पेशवे सवाई माधवराव यांची, ते स्वतः फौजेबरोबर पुण्याहून निघाले होते. मोहीम आखली नाना फडणविसांनी. रणात हुकूम चालला तो परशुरामभाऊ पटवर्धनांचा. फौजेतले मोठे मोठे भाग शिंदे, होळकर आणि नागपूरकर भोसले यांचे, आणि ते आपापल्या सरदाराचे ऐकणारे. हे सगळे ज्यांच्या नावाने लढत होते ते छत्रपती मात्र साताऱ्यात होते.

त्यांचे नाव धाकटे शाहू महाराज. रामराजांनी त्यांना दत्तक घेतले आणि १७७७ मध्ये ते गादीवर आले. खर्ड्याच्या विजयाच्या गोष्टीत त्यांचे नाव सहसा येतच नाही. तरीही त्या माळावरचा प्रत्येक मोठा माणूस कुठल्या ना कुठल्या मार्गाने त्यांच्याच गादीकडून हुद्दा घेऊन उभा होता. पेशवा हा छत्रपतींचा मुख्य प्रधान, त्याच्या शिक्क्यावर आधी छत्रपतींचे नाव आणि मग स्वतःचे. नागपूरकर भोसल्यांचा किताब 'सेनासाहेब सुभा'. तो पेशव्याने दिलेला नाही, छत्रपतींच्या गादीचा आहे. गायकवाडांचे 'सेनाखासखेल'ही तसेच.

हे मुळात असे नव्हते. १६७४ मध्ये राज्याभिषेक झाला तेव्हा अष्टप्रधानांत सेनापती होते हंबीरराव मोहिते. त्यांना वस्त्रे देणारा राजा आणि मोहिमेवर घोड्यावर बसणारा राजा एकच होता. नाव आणि तलवार यांची फारकत पहिल्यांदा ठळक दिसते ती राजाराम महाराजांच्या काळात. राजा जिंजीच्या वेढ्यात आणि संताजी-धनाजी शेकडो कोस मुलूखभर लढताहेत. तेव्हा राजाचे नाव हेच लढण्याचे कारण होते. राजा जिवंत आहे एवढी बातमी पुरत असे.

पुढे थोरल्या शाहू महाराजांनी १७०८ मध्ये साताऱ्याला राज्याभिषेक करवून घेतला. ते स्वतः मोहिमांवर फारसे गेले नाहीत, मिरजेच्या स्वारीसारखा एखादा अपवाद सोडला तर. फौजा प्रधानांनी आणि सरदारांनी चालवायच्या, महाराजांनी वस्त्रे द्यायची, मुलूख वाटून द्यायचा आणि भांडणे मिटवायची, अशी पद्धत पडली. तिची परीक्षा १ एप्रिल १७३१ रोजी गुजरातेत डभईला झाली. एका बाजूला छत्रपतींचे पेशवे बाजीराव, दुसऱ्या बाजूला छत्रपतींचेच सेनापती त्रिंबकराव दाभाडे. सेनापती मारले गेले. राज्याच्या पंतप्रधानाने राज्याच्या सेनापतीशी लढाई करून त्याला संपवले आणि दोघांचाही धनी एकच! महाराजांनी काय केले? त्रिंबकरावांच्या धाकट्या भावाला, यशवंतरावांना, सेनापतिपदाची वस्त्रे दिली आणि दाभाड्यांची समजूत काढली. यशवंतराव तेव्हा अल्पवयीन होते. त्यानंतर सेनापतिपद उरले ते नावापुरते. मला विचाराल तर खर्ड्याच्या गोंधळाचे मूळ डभईत आहे. सेनापती हा राजाने नेमलेला माणूस असतो, ही गोष्ट त्या दिवशी व्यवहारातून गेली.

शाहू महाराज १५ डिसेंबर १७४९ रोजी वारले. पुढच्याच वर्षी सांगोल्याला झालेल्या कराराने रामराजांनी कारभाराचे अधिकार पेशव्यांकडे सोपवले, आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत ताराबाईंनी त्यांना साताऱ्याच्या किल्ल्यात कैद केले. इथे छत्रपतींचा इतिहास संपला असे आपण शाळेत गृहीत धरले होते. पुस्तकाचे पुढचे धडे पुण्यातच घडतात. पण कागद वेगळे सांगतात. ऑगस्ट १७७३ मध्ये नारायणरावांचा खून झाला. राघोबादादांच्या हातात तेव्हा फौज होती, पुणे होते, तरीही पेशवेपदाची वस्त्रे साताऱ्याहून येईपर्यंत त्यांचे काम अडले. पुढच्या वर्षी बारभाईंनी राघोबांना दूर सारले ते पुरंदरावर जन्मलेल्या चाळीस दिवसांच्या बाळासाठी वस्त्रे आणवून. ते बाळ म्हणजे सवाई माधवराव. कैदेतला राजा पाळण्यातल्या मुलाला प्रधान नेमतो आणि त्या नेमणुकीच्या बळावर मोठमोठे सरदार फौजा घेऊन एका बाजूला येतात. १७९६ मध्ये तर एकाच वर्षात दोघांना वस्त्रे मिळाली, आधी चिमाजीअप्पांना आणि मग दुसऱ्या बाजीरावांना.

माझ्या नोकरीत असा एक माणूस नेहमी असतो. प्रोग्राम लिहिणारे आम्ही, तपासणारे आम्ही, रात्री जागून बसवणारेही आम्हीच. पण त्याने ॲप्रूव्हलचे बटण दाबल्याशिवाय एक ओळही ग्राहकाच्या सर्व्हरवर जात नाही, आणि ती ओळ त्याने वाचलेली नसते. नवीन मुले वैतागतात. मी त्यांना सांगते, ते बटण काढून टाकले तर उद्या दोन टीम दोन वेगवेगळ्या गोष्टी चढवतील आणि खरी कोणती हे ठरवायला कोणी उरणार नाही. साताऱ्याची वस्त्रे हे तसले बटण होते. बळ कोणाकडे आहे ते वस्त्रांनी ठरत नव्हते. बळ असलेल्या चौघांपैकी कोणाचे म्हणणे इतरांनी मानायचे, ते ठरत होते.

आता खर्ड्याकडे येऊ. चौथाईची थकबाकी हे भांडणाचे कारण. ती कोट्यवधींची होती, आणि निजामाचे दिवाण मुशीर-उल-मुल्क हिशेबाऐवजी टोमणे देत होते. नानांनी सगळ्या सरदारांना बोलावले. मराठे सरदार एका निशाणाखाली एकत्र आले ते शेवटचे, असे म्हणतात ते याच मोहिमेबद्दल. पण एकत्र आले म्हणजे कसे, ते बघण्यासारखे आहे. शिंद्यांची आणि होळकरांची फौज एकवीस महिन्यांपूर्वीच, जून १७९३ मध्ये, राजस्थानात लाखेरीला एकमेकींवर तुटून पडली होती. दोघेही पेशव्यांचे सरदार. महादजी १७९४ च्या फेब्रुवारीत वारले. त्यांच्या जागी आलेले दौलतराव पंधरा-सोळा वर्षांचे, म्हणजे आपल्या दहावीच्या वयाचे. त्यांची फौज प्रत्यक्षात जिवबादादा बक्षी आणि फ्रेंच अधिकारी पेराँ यांच्या हाती. म्हणजे शिंद्यांच्या गोटातही नाव एकाचे आणि हुकूम दुसऱ्याचा.

मुख्य सेनापतिपद हरिपंत फडक्यांकडे जाणे स्वाभाविक होते. ते आदल्या वर्षी जूनमध्ये आपल्याच जिल्ह्यातल्या सिद्धटेकला वारले. मग ते परशुरामभाऊंकडे आले. तासगावचे भाऊ म्हैसूरच्या मोहिमांतले मुरलेले लढवय्ये. पण भोसले, होळकर, शिंदे यांच्यापुढे त्यांचा दर्जा काय? पटवर्धन हे पेशव्यांचे सरदार, स्वतःचे मोठे राज्य असलेले नव्हेत. त्यांचा हुकूम त्या मोठ्या मंडळींनी ऐकला तो छावणीत पेशवे स्वतः हजर होते म्हणून. सवाई माधवरावांनी त्या दिवशी तलवार चालवली नाही, व्यूहही रचला नाही. त्यांचे काम होते तिथे असणे. माझ्या मते त्या दिवशी यापेक्षा महत्त्वाचे काम दुसऱ्या कोणाला जमलेही नसते.

पलीकडच्या बाजूला निजाम अली खान स्वतः फौजेत होते, बरोबर फ्रेंच सेनानी रेमाँच्या पलटणी. पहिल्या हातघाईत परशुरामभाऊ जखमी झाले. तोफांचा आणि बाणांचा मारा सुरू झाल्यावर निजामाच्या घोडदळाची फळी फुटली, आणि संध्याकाळी पुढे जायचे सोडून निजामांनी माघार घेतली ती थेट खर्ड्याच्या निंबाळकरांच्या भुईकोटात. राजा वळला म्हटल्यावर फौजही वळली, आणि अंधारात जी पळापळ झाली तिने लढाईपेक्षा जास्त नुकसान केले. राजाने स्वतः रणांगणावर असण्याचा हा दुसरा अर्थ. तो उभा राहिला तर फौज उभी, तो वळला तर सगळे संपले. इंग्लंडचा राजा दुसरा जॉर्ज १७४३ मध्ये डेटिंगेनला स्वतः फौजेपुढे उभा राहिला. त्यानंतर तिथल्या एकाही राजाने हा धोका पत्करलेला नाही. किल्ल्यात कोंडल्या गेलेल्या निजामांना काही दिवसांतच तह मान्य करावा लागला. तीन कोटी रुपये, दौलताबादसह मुलूख, आणि दिवाण मुशीर-उल-मुल्क ओलीस.

यातली एक गंमत सांगितल्याशिवाय राहवत नाही. निजाम कागदोपत्री दिल्लीच्या बादशहाचे सुभेदार. बादशहा शाह आलमने पेशव्यांना 'वकील-इ-मुतलक' नेमले होते आणि महादजी त्यांचे नायब. १७९२ मध्ये महादजींनी ते फर्मान पुण्याला आणून थाटाचा दरबार भरवला, तेव्हा नानांनी शंका काढली की छत्रपतींच्या परवानगीशिवाय पेशव्याने दुसऱ्या धन्याचा किताब घ्यावा कसा? साताऱ्याहून परवानगी आणली गेली. म्हणजे खर्ड्याच्या माळावर दोन्ही बाजू एकाच बादशहाचे सेवक म्हणून लढत होत्या, आणि तो आंधळा केलेला बादशहा दिल्लीत शिंद्यांच्याच पहाऱ्यात बसला होता.

होळकरांच्या बाजूने तुकोजी होळकर आले होते, आणि इथे चौंडीचा धागा येतो. मल्हारराव १७६६ मध्ये आणि नातू मालेराव १७६७ मध्ये गेल्यावर राघोबादादा होळकरांची दौलत ताब्यात घ्यायला निघाले. अहिल्याबाईंनी लढण्याची तयारी केली आणि थेट पेशवे थोरल्या माधवरावांकडे दाद मागितली. निकाल त्यांच्या बाजूने लागला. सुभेदारीची वस्त्रे आणि फौज तुकोजींकडे, राज्यकारभार महेश्वरात बाईंकडे. आपल्याकडे अहिल्याबाई म्हटले की घाट, बारवा, देवळे आणि हातातली पिंड एवढेच डोळ्यापुढे येते. मला त्यांचे दुसरे रूप अधिक थोर वाटते. स्वतः फौजेवर नसलेल्या बाईने अठ्ठावीस वर्षे फौजेच्या सुभेदाराला हिशेब मागितला. होळकरांची खासगी दौलत त्यांच्या ताब्यात होती. तुकोजी मोहिमेवरून पैसे मागत, बाई आधीच्या पैशांचे काय झाले ते विचारत. पत्रव्यवहारात दोघांचा त्रागा पानोपानी आहे. पण व्यवस्था मोडली नाही. साताऱ्यात नाव होते आणि खजिना नव्हता. महेश्वरात दोन्ही होते. एवढाच फरक, आणि तो केवढा मोठा!

खर्ड्याला विजय मिळाला तेव्हा बाई सत्तरीला टेकल्या होत्या. त्यांच्या माहेरापासून काही कोसांवर त्यांची फौज जिंकली. १३ ऑगस्ट १७९५ रोजी त्या गेल्या. दोन वर्षांनी तुकोजीही गेले, आणि होळकरांच्या घरात वारसाची भांडणे रक्तावर आली.

विजयानंतरची एक हकीकत ग्रँट डफने लिहून ठेवली आहे. छावणीत आनंद चालला असताना वीस वर्षांचे पेशवे खिन्न दिसले. नानांनी कारण विचारले, तर ते म्हणाले की दोन्ही बाजूंचे किती अधःपतन झाले आहे याचे दुःख वाटते; एकाने एवढी नामुष्कीची शरणागती पत्करावी आणि दुसऱ्याने विनासायास मिळालेल्या जयाच्या बढाया माराव्यात. हकीकत शब्दशः खरी असो नसो, नावाच्या सेनापतीला फौज नीट दिसत होती असे तीत दिसते. पण त्याला बोलण्यापलीकडे काही करता येत नव्हते. सात महिन्यांनी, ऑक्टोबरात, सवाई माधवराव शनिवारवाड्यात वरून खाली पडले आणि २७ तारखेला वारले.

दुसऱ्या नावाच्या धन्याने मात्र करून पाहिले. १७९८ मध्ये पुण्यात बाजीराव, नाना आणि शिंदे यांचा गोंधळ चालू असताना धाकट्या शाहू महाराजांनी साताऱ्याचा किल्ला ताब्यात घेतला आणि माणसे जमवायला सुरुवात केली. शंभर वर्षे ज्यांच्या नावाने फौजा लढल्या त्यांनी पहिल्यांदा स्वतःसाठी फौज उभी केली. त्यांच्यावर पेशव्यांनी कोणाला पाठवले असेल? परशुरामभाऊ पटवर्धनांना. भाऊ त्या वेळी स्वतःच अटकेत होते, त्यांना या कामासाठी सोडले गेले. खर्ड्याच्या विजयी सेनापतीने तीन वर्षांनी आपल्या धन्याच्या धन्यावर चाल केली आणि किल्ला घेतला. महाराजांचे बंधू चतुरसिंग निसटले आणि पुढे बरीच वर्षे लढत राहिले. भाऊंचे काय झाले? १७९९ च्या सप्टेंबरात पट्टणकुडीला कोल्हापूरच्या छत्रपतींच्या फौजेशी लढताना ते मारले गेले.

या माणसाला दोष द्यावा असे मला वाटत नाही. त्याने दोन्ही वेळा वरून आलेला हुकूम पाळला. नाव असलेला आणि बळ असलेला यांचे पटेनासे झाले तर सैनिकाने कोणाचे ऐकायचे, हे कुठेच लिहिलेले नव्हते. रूढी होती, शपथा होत्या, बेलभंडार होता. पण शिपाई अन्न खात होता ते सरदाराचे, छत्रपतींचे नव्हे.

पुढचे थोडक्यात सांगते. या नावाची किंमत इंग्रजांनी आपल्या लोकांपेक्षा चांगली ओळखली. १८१८ मध्ये दुसरे बाजीराव पळत होते तेव्हा छत्रपती प्रतापसिंहांना बरोबर घेऊनच पळत होते. २० फेब्रुवारीला आष्टीच्या लढाईत (ही आष्टी आपल्या शेजारची बीड जिल्ह्यातली नव्हे, सोलापूर जिल्ह्यातली) बापू गोखले पडले आणि छत्रपती इंग्रजांच्या हाती आले. त्याआधीच साताऱ्याचा किल्ला घेऊन इंग्रजांनी त्यावर छत्रपतींचे निशाण लावले होते. लोक पेशव्यांपासून फुटावेत यासाठी याहून स्वस्त उपाय नव्हता. १८१९ च्या तहाने प्रतापसिंहांना राज्य दिले, पण कंपनीला विचारल्याशिवाय फौज वाढवायची नाही, कमीही करायची नाही, ही अट घालून. आता ते पहिल्यांदा लिहिले गेले, पण लिहिणारा परका होता.

आपल्या राज्यघटनेने हीच गोष्ट आपल्या हाताने लिहिली. अनुच्छेद ५३ प्रमाणे संरक्षण दलांचे सर्वोच्च अधिपत्य राष्ट्रपतींकडे आहे, आणि त्याच दमात म्हटले आहे की त्याचा वापर कायद्याने ठरेल. अनुच्छेद ७४ प्रमाणे राष्ट्रपती मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने चालतात. सल्ला फेरविचारासाठी एकदा परत पाठवता येतो, दुसऱ्यांदा तोच आला तर मानावा लागतो. धाकट्या शाहू महाराजांना १७९८ मध्ये जो पेच पडला त्याचे उत्तर या दोन कलमांत आहे. 'कमांडर-इन-चीफ' हा लष्करप्रमुखाचा हुद्दाही १९५५ मध्ये गेला आणि 'चीफ ऑफ आर्मी स्टाफ' राहिला. इंग्लंडच्या राजाच्या नावाची पलटणींची जुनी निशाणे २३ नोव्हेंबर १९५० रोजी डेहराडूनच्या अकादमीत सन्मानाने ठेवून दिली गेली. तेव्हापासून निशाण राष्ट्रपतींचे.

हे निशाण बघायला दिल्लीला जायची गरज नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये नगरच्या मेकॅनाइज्ड इन्फंट्री सेंटरमध्ये चार पलटणींना राष्ट्रपतींची निशाणे मिळाली. दिली लष्करप्रमुखांनी, राष्ट्रपतींच्या वतीने. वस्त्रे साताऱ्याहून पुण्याला जायची त्यातला हा प्रकार, फक्त आता निशाण घेणारा जवान ज्याचे अन्न खातो आणि ज्याच्या नावाने लढतो ते वेगळे राहिलेले नाहीत.

आपल्या शाळेतून बरीच मुले लष्करात गेली. काही जण आता पेन्शन घेऊन गावी आले आहेत. कसम परेडला घेतलेल्या शपथेत राज्यघटनेचे नाव आधी येते, मग राष्ट्रपतींचा आणि आपल्यावर नेमलेल्या अधिकाऱ्याचा हुकूम, जिवावर बेतले तरी पाळण्याचे वचन. मी ती फक्त वाचली आहे. मेळाव्यात भाषणे होतीलच. त्यात पाच मिनिटे काढून त्यांच्यापैकी कोणीतरी ती घेतानाचा दिवस सांगावा, अशी आयोजकांना विनंती आहे. दुसऱ्या दिवशी खर्ड्याच्या किल्ल्यावर जायचे ठरतेच आहे, तिथे उरलेले बोलू. बरोबर पाणी आणि टोपी घ्या. किल्ल्यात सावली फार नाही.